पांढरीच्या पोटातलं गाव

ठिकऱ्या खेळायच्या तर खापर चांगलं हवं. कौलाचा तुकडा घेतला तर दोन डावांत फुटायचा. नदीतला गोटा घेतला तर घरंगळत आखलेल्या घराबाहेर जायचा. म्हणून आम्ही पोरी गावाबाहेरच्या पांढरीवर जायचो. घोडनदीच्या काठचं ते उंचवट्याचं रान. पहिला वळीव पडून गेला की तिथं लाल खापरं धुऊन वर यायची. पातळ, सपाट, एका अंगाला काळ्या रेघा ओढलेली. दगडावर आपटली की खणखण वाजायची. तसलं खापर ज्या पोरीला मिळायचं, तिचा तो दिवस.

आजीला मात्र ते घरात आणलेलं खपत नसे. "ठिव बाहेर ते, बये," ती म्हणायची. "कुणाच्या चुलीवरचं आसंल, कुणाच्या उतरंडीतलं आसंल. त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे." खापर उंबऱ्याबाहेर ठेवूनच मला आत यावं लागे.

पुढे पुरातत्त्व शिकायला पुण्यात आले. पहिल्याच महिन्यात सरांनी एक ट्रे पुढे ठेवला आणि म्हणाले, हातात घेऊन बघा. लाल अंग, काळ्या रेघा, नख मारलं की खणखण आवाज. माझ्या ठिकऱ्यांचं खापर! सरांनी नाव सांगितलं: जोर्वे संस्कृती. वय तीन हजार वर्षांहून जास्त. त्या दिवशी मला आजीचं बोलणं पहिल्यांदा नीट कळलं. ते खरोखरच कुणाच्या तरी उतरंडीतलं होतं.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. माझं काम जळक्या दाण्यांचं. जुन्या वस्त्यांच्या मातीतून कोळसा झालेलं धान्य वेगळं काढायचं आणि ते कशाचं ते ओळखायचं. लोक विचारतात, यात काय सापडतं? त्यांना सांगते, आपल्या मातीत पहिली पेरणी करणाऱ्यांचा स्वयंपाक सापडतो.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाची दोन अंगं मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची. गावकीच्या भाषेत हे शब्द किती पिढ्यांचे आहेत कोण जाणे, पण त्यांत पुरातत्त्वाचा पहिला धडा भरलेला आहे. माणूस जिथं राहतो तिथली माती रंग बदलते. चुलीची राख, सारवणाचं शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, चुना, कुजलेलं गवत असे थरावर थर साचतात. शंभर वर्षांत एक वीत, कधी हातभर. वस्ती उठून जाते आणि काळ्या रानात एक फिकट, राखाडी टेकाड मागे उरतं. तीच पांढरी.

दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा शोध अशाच टेकाडांवर लागला. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. तिथल्या रंगीत भांड्यांवरून या संस्कृतीला नाव मिळालं. त्यानंतर नेवासं, चांडोली, दायमाबाद अशी गावं एकेक करून पुढे आली. पण एका अख्ख्या खेड्याचं जगणं, त्यातल्या गल्ल्या, कोठारं आणि मुलाबाळांसकट, जिथं उलगडलं ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं इनामगाव. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथं खोदकाम केलं. एकशेतीसहून जास्त घरं आणि अडीचशेहून जास्त दफनं उजेडात आली. भारतात ताम्रपाषाण काळातलं खेडं इतकं सविस्तर क्वचितच खोदलं गेलं आहे.

या गावाचं आयुष्य नऊशे वर्षांचं. इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमारास माळव्याकडच्या धाटणीची भांडी वापरणारे लोक तिथं आले. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ, गावाच्या भरभराटीचा. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ, उतरणीचा. ताम्रपाषाण म्हणायचं, कारण तांबं माहीत होतं पण ते दुर्मीळ. तांब्याचा गळ, छिन्नी, बांगडी, मणी असं थोडंथोडकं. रोजच्या कामाला दगडच. नदीच्या पात्रात मिळणाऱ्या, गारगोटीच्या जातीच्या कॅल्सेडनी दगडाची बोटभर लांबीची पाती काढायची, लाकडाच्या खोबणीत ओळीनं बसवायची, की विळा तयार. गवताच्या आणि धान्याच्या ताटात वाळूतलं सिलिका असतं. ते कापून कापून अशा पात्यांच्या धारेवर एक चकाकी चढते. भिंगाखाली ती चकाकी दिसली की समजावं, या दगडानं कापणी केली आहे.

आजीच्या घराची ओळख

इनामगावच्या घरांचे नकाशे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचा अर्थ लावायला पुस्तक लागलं नाही. भरभराटीच्या काळातली घरं लांबट चौकोनी, ओळीनं बांधलेली, मधून वाट सोडलेली. भिंतीचा पाया मातीचा, बुटका. त्यावर कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. खांबांचे खळगे जमिनीत तसेच राहिलेले. आत चूल. आणि धान्य साठवायच्या तऱ्हा तर हुबेहूब आमच्या घरच्या. जमिनीत खोल खणून आतून लिंपलेली पेवं. मातीचे गोल ओटे, ज्यांवर कणगी ठेवत असणार. चार सपाट दगड मांडलेली बैठक, ज्यावर मोठा रांजण उभा राहील.

आमच्या घरीही कणगी अशाच ओट्यावर असायची. का, तर खालून ओल लागू नये आणि उंदरानं पोखरलं तर दिसावं. आजी दर पावसाळ्याआधी ती शेणानं लिंपायची आणि तोंडाशी लिंबाचा पाला घालायची. इनामगावच्या बाईनं लिंबाचा पाला घातला असेल का, हे माती सांगत नाही. पण ओल आणि उंदीर हे शत्रू तेच होते आणि त्यांच्याशी झुंजायची रीतही तीच होती.

शेतीचा आरंभ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नांगर येतो. मला कणगी दिसते. शिकारीला जाणारा माणूस आज मिळालेलं आज खातो. शेतकऱ्याचं तसं नाही. त्याला पुढच्या पावसापर्यंत पुरवून खायचं असतं आणि त्यातूनही बियाणं बाजूला काढून ठेवायचं असतं. घरातलं मूल भुकेनं रडत असतानाही बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नाही, हा निर्धार माणसात आला त्या दिवशी शेती सुरू झाली, असं मी समजते.

जळालेला दाणा काय सांगतो

आता माझ्या कामाकडे येते. धान्य जमिनीत पडलं तर कुजतं, किडे खातात. पण चुलीशी सांडलेला दाणा पुरता न जळता नुसता करपला तर त्याचा कोळसा होतो. कोळसा कीड खात नाही. तो हजारो वर्षं आकार धरून राहतो. उत्खननातली माती आम्ही पाण्यात कालवतो. माती तळाशी बसते, कोळसा हलका म्हणून तरंगतो. तो बारीक चाळणीवर धरायचा, सावलीत सुकवायचा आणि भिंगाखाली एकेक दाणा निवडायचा. आजी सुपात धान्य पाखडायची, मी तेच काम पाण्यात करते.

सवयीनं दाणे ओळखू येतात. जव दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. गहू आखूड, गुबगुबीत. तांदळावर लांबीच्या बाजूनं उभ्या कडा. मसूर भिंगासारखी, कुळीथ मूत्रपिंडाच्या आकाराचा. इनामगावच्या दाण्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या मु. दि. काजळे यांनी केला. त्यातून जे ताट समोर आलं त्यात मुख्य धान्य होतं जव. जोडीला गहू, थोडा तांदूळ, मसूर, वाटाणा, वाल, लाख, कुळीथ. रानातली बोरं आणि जांभळंही होती. गोठ्यात गाईबैल, म्हशी, शेळ्यामेंढ्या. हाडांवरच्या कापल्याभाजल्याच्या खुणा सांगतात की ही जनावरं दुधाला आणि कामाला होती तशी खाण्यालाही होती. हरणाची शिकार होती, नदीचे मासे होते.

या ताटातले सगळे दाणे एकाच वाटेनं आलेले नाहीत. रानटी गवताचं कणीस पिकलं की दाणे आपोआप झडतात, कारण गवताला आपली वीण पसरवायची असते. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या सुपीक चंद्रकोरीच्या प्रदेशात लोक रानटी गहू आणि जव गोळा करून पेरायला लागले. विळा चालवताना झडणारे दाणे मातीत पडायचे आणि ज्या कणसांना ते घट्ट चिकटून राहिले ती घरी यायची. पुढच्या वर्षी पेरायला तीच. असं शेकडो पेरण्यांनंतर न झडणारी जात उरली, जिला पेरायला माणूस लागतो आणि जिच्यावाचून माणसाचं चालत नाही. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहरगढला इसवीसनापूर्वी ७००० च्या सुमारास जव पिकत होता. तिथून सिंधूचं खोरं, मग राजस्थान, माळवा, तापीखोरं आणि शेवटी भीमेचं खोरं असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडे पहिली शेतकरी गावं तापीखोऱ्यात सावळद्याच्या परिसरात इसवीसनापूर्वी २००० च्या आधी वसली. मसूर आणि वाटाणा जवाच्याच वाटेनं आले. कुळीथ मात्र आपल्या भूमीचा.

आज आमच्या रानात कुणी जव पेरत नाही. लहानपणी मी तो फक्त पितरांच्या दिवशी पाहिला. दुकानातून पुडी यायची, तीळ आणि जव. घोडनदीच्या काठी जे एके काळी रोजचं अन्न होतं ते आता तिथल्या घरांत पितरांपुढे ठेवायला आणतात. आमची भाकरी ज्वारीची. ज्वारी मूळची आफ्रिकेची, खूप उशिरा आलेली पाहुणी. पण तिचं संस्कृत नाव पाहा, यवनाल. यव म्हणजे जव. नवीन धान्याला जुन्या धान्याचं नाव लागलं आणि जव शेतातून गेला तरी नावात राहिला.

पाट, कोठार आणि पाच खोल्यांचं घर

आमचा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीनं ढग अडवले की आमच्या वाट्याला उरलेसुरले शिंतोडे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे कळलेलं होतं. जव हे थंडीचं पीक, त्याला पाऊस संपल्यावर ओल लागते. पूर्व जोर्वे काळात इनामगावकरांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खोदला, जवळपास चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. जोडीला दगडमातीचा बांध घातला. लोखंडाची कुदळ नव्हती तेव्हा हे काम झालेलं आहे. एका घरानं ते होत नाही. गाव एकत्र यावं लागतं, कुणीतरी सांगावं लागतं आणि बाकीच्यांनी ऐकावं लागतं.

तो सांगणारा कोण असावा याचीही खूण सापडली. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर होतं आणि त्याला लागून कोठार. त्यात पेवं आणि कणग्यांचे ओटे. गावाच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंती काम करणारा अशा कारागिरांची घरं. मधोमध धान्य, कडेला कसब. गावगाड्याची रचना तेव्हापासून आकार घेत होती.

मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण पुरलेला निघाला. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष, मांडी घालून बसवलेला. गावातल्या इतर मोठ्या माणसांना उताणं निजवून, डोकं उत्तरेला करून पुरत आणि पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. गेलेला माणूस उठून कुठे जाऊ नये, इथेच आपल्यात राहावा म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते.

उंबऱ्याच्या आतली मुलं

हे सगळं मी शांतपणे सांगू शकते. मुलांच्या दफनांपाशी आलं की अजूनही थांबावं लागतं. इनामगावला सापडलेली बहुतेक दफनं लहान मुलांची आहेत. दोन राखी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात बाळाला निजवायचं. शेजारी छोटा वाडगा, तोटीचं भांडं. खड्डा घराच्या आतच, पायाखालच्या जमिनीत. वर पुन्हा सारवण. त्याच सारवणावर स्वयंपाक, झोप, पुढचं बाळंतपण.

नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे आतला धागा टिकला. तपासलं तेव्हा तो रेशीम आणि कापसाचा निघाला. ज्या घरात तांबं जपून वापरायचं, तिथं गेलेल्या मुलाच्या गळ्यातून ते काढून घेतलं नव्हतं.

इनामगावच्या एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली. तिच्यात कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, आणि सोबत बिनशिराची दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. मुलंबाळं जगावीत, गोठा भरलेला राहावा, यापलीकडे त्या घरानं काय मागितलं असणार?

शेतीनं माणसाला स्थैर्य दिलं हे खरं. त्याबरोबर एकाच पिकावर जीव टांगला गेला, एकाच ठिकाणी राहून रोगराई वाढली आणि पाऊस हुकला की त्याची किंमत आधी सगळ्यांत लहान जिवांनी मोजली. मुलांच्या दुधाच्या दातांवर उपासमारीचे खळगे उमटतात, हाडांची वाढ खुंटलेली दिसते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांची हाडं अभ्यासली तेव्हा उत्तर काळातल्या बाळांची वाढ आधीच्यांपेक्षा खालावलेली आढळली.

इसवीसनापूर्वी १००० नंतर गावाची कळा बदलली. ढवळीकरांनी हा कोरड्या होत गेलेल्या हवामानाचा परिणाम मानला. नुसता पाऊस पुरेसं उत्तर देतो का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. बदल मात्र जमिनीत स्पष्ट दिसतात. चौकोनी घरं जाऊन गोल, लहान झोपड्या आल्या. भांड्यांवरची नक्षी कमी झाली. गहू जवळपास नाहीसा झाला, जव रोडावला, हरणांची हाडं वाढली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त आली. गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतली बहुतेक गावं तोवर उठली होती. भीमेच्या खोऱ्यातली ही माणसं आणखी तीनशे वर्षं टिकून राहिली. पीक गेलं तर मेंढरं, मेंढरं नाहीत तर रान. दर दिवाळीनंतर आमच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरतात, काटक्यांवर पाल टाकून राहतात, मेंढरं रानात बसवतात. त्या गोल झोपड्यांचे नकाशे पाहताना मला ते वाडे आठवतात. कोरडवाहू माणसाला जगायची ही दुसरी वाट माहीत असावी लागते. इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास तीही अपुरी पडली आणि गाव उठलं.

उरलेली पांढरी

मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा आमची ठिकऱ्यांची पांढरी ओळखू आली नाही. निम्मं टेकाड जेसीबीनं सपाट केलं होतं. पांढरीची माती खत म्हणून शेतात पडते, घराच्या भरावाला जाते. राखेनं आणि शेणानं सकस झालेली ती माती कुणाला नको? आमचे लोकही धाब्यावर तीच टाकायचे, पण ती डोक्यावरच्या पाटीनं आणलेली. पाटीनं जे दोनशे वर्षांत गेलं नसतं ते यंत्रानं दोन दिवसांत गेलं. कडेला उघड्या पडलेल्या थरात राखेची रेघ होती, एका पेवाचा अर्धा गोल होता. मी मूठभर माती कागदात बांधून घेतली. घरी येऊन पाण्यात सोडली तेव्हा एकच दाणा तरंगून वर आला. जवाचा होता. पण तो कोणत्या थरातला, कोणत्या चुलीजवळचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. थर मोडला की दाणा मुका होतो.

पांढरीतलं हे ज्ञान जपायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. दायमाबादला १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणणाऱ्या एका गावकऱ्यालाच रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून जास्त वजनाची ब्राँझची शिल्पं सापडली. जमिनीत दडलेला ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं असा १८७८ पासूनचा निखात निधी कायदाही आहे. पण खापरं, राख आणि जळका दाणा यांना कुणी ठेवा म्हणत नाही. खरा ठेवा तोच आहे. राजांची नावं ताम्रपटांवर सापडतील. पहिल्यांदा पेव लिंपणाऱ्या बाईचं काही लिहून ठेवलेलं नाही, तिची साक्ष पांढरीतच आहे.

तुमच्या गावाबाहेर नदीकाठी असं फिकट मातीचं टेकाड असेल. पावसानंतर तिथं एकदा जा. लाल खापर, काळी रेघ, गारेचं लांबट पातं दिसलं तर ते तिथेच राहू द्या. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, ग्रामपंचायतीला सांगा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला दोन ओळींचं पत्र लिहा. माती उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला दुसरीकडची माती दाखवा. आजी सांगायची तसं, त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या.